पहिला मेटल डिटेक्टर आणि आपली लाल माती

आज दिवसभर पन्हाळ्याकडच्या एका शेतात, मालकाला विचारून, डिटेक्टर फिरवला. कमी बजेटवाल्यांनो, एक गोष्ट आधी बघा: ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीतल्या खनिजांचा आवाज गाळायची सेटिंग, हातानं बदलता येतो का? जांभ्याच्या लाल मातीत लोह भरपूर. गॅरेट एस २५० सारख्या, बॅलन्स कंपनीतच ठरवून दिलेल्या मशीनला इथं धातू नसतानाही आवाज येत राहतात. मग लोक सेन्सिटिव्हिटी वाढवतात, आणि किरकिर आणखी वाढते. उलट ती दोन घरं खाली आणायची. आणि बॅलन्स हातानं बदलता येत असेल, तर धातू नसलेली जागा शोधून कॉइल (जमिनीवर फिरवायची तबकडी) जमिनीपासून ५ ते २० सेंमी वर-खाली करत तो जुळवायचा, आवाज एकसारखा होईपर्यंत.

डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको ते धातू गाळायची सेटिंग, फार चढवू नका. चांदीच्या कागदाबरोबर बारीक सोन्याची अंगठीही गाळली जाते. मोठ्या कॉइलपेक्षा ८-९ इंची बरी, खिळ्यांच्या कचऱ्यात नाणं वेगळं ऐकू येतं. थोडे पैसे पिनपॉइंटरला (खड्ड्यात नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर) राखून ठेवा, नाहीतर वीतभर खड्ड्यात अर्धा तास मातीच चाळत बसाल.

आणि भावा, गडावर मशीन काढायचंच नाही, ते संरक्षित स्मारक आहे. शेतात पुरलेलं १० रुपयांवरचं काही सापडलं, तरी १८७८ च्या कायद्यानं कलेक्टरला कळवावं लागतं.