पाठकोरे

माझं झेरॉक्सचं दुकान आहे. नाशकात, जुन्या सीबीएस बसस्टँडजवळ, कोर्टापासून हाकेच्या अंतरावर. आठ बाय दहाचा गाळा, दोन मशीन, एक लॅमिनेशन, एक स्पायरल बाइंडिंग आणि एक स्टूल. लाइट गेली की यातलं फक्त स्टूल चालतं.

2022 च्या जुलैत एका दुपारी लाइट गेली ती तीन तास आलीच नाही. मोबाइल सकाळपासून शेवटच्या घटका मोजत होता. (दुकानदाराचा मोबाइल दुकानातच चार्ज होतो, घरी नाही. दुकानाचं वीजबिल धंद्यात धरता येतं.) समोर पत्र्याच्या शेडखाली एक वकीलसाहेब पाठमोरे उभे होते, पाऊस थांबायची वाट बघत. मी रद्दीतून एक पाठकोरा कागद ओढला आणि हिशेबाच्या बॉलपेनने त्यांची पाठ काढली. पाठच. तोंड काढायची हिंमत नव्हती. डोकं कलिंगडासारखं आलं, कोट पोत्यासारखा. पण त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा उतरलेला होता, वर्षानुवर्षं बॅग वागवून झालेला, तो मात्र बरोबर उतरला. शेजारच्या टायपिंगवाल्याने कागद बघितला आणि साहेबांचं नाव घेतलं. एवढंच झालं. त्या एका खांद्यावर माझी तीन वर्षं गेली आहेत.

याआधी चित्रकलेशी माझा संबंध एलिमेंटरीपुरता. 1993 साली परीक्षेला बसलो. स्मरणचित्रात बाजार काढायला घेतला. भाजीवालीचा हात जमेना. खोडला, काढला, पुन्हा खोडला. असं करता करता कागदाला भोक पडलं. पर्यवेक्षक सर वाकून बघत म्हणाले, "हा खिसा आहे का रे?" सी ग्रेड मिळाली, तीही वस्तुचित्रातल्या तांब्याच्या पुण्याईवर.

पेनाने चित्र काढायला लागल्यावर कळलं, की मला चित्र येत नव्हतं असं नाही, मला खोडरबर झेपत नव्हता. रबर हातात असला की मी तीच रेघ दहा वेळा काढतो. पेनाची रेघ चुकली तर चुकली, तिच्या शेजारी दुसरी मारायची आणि पुढे जायचं. गंमत म्हणजे दोन-दोन रेघांचा हात कधी कधी हललेल्या हातासारखा दिसतो, आणि बघणाऱ्याला वाटतं आपण मुद्दाम तसं केलंय. मी तसंच वाटू देतो.

पहिले चार-पाच महिने सगळं पाठकोऱ्यांवर चाललं. झेरॉक्सच्या दुकानात पाठकोऱ्यांना तोटा नाही. तिरके आलेले, फिके आलेले, टोनर सांडलेले. मग एक दिवस बायको चित्रं चाळत होती, तिने एक कागद उलटा केला आणि गप्प झाली. चहावाल्याच्या पोराचं चांगलं जमलेलं चित्र, आणि पाठीमागे कुणाचं तरी आधार कार्ड, नंबरासकट. "उद्या हे फेसबुकवर टाकशील," ती म्हणाली. टाकणारच होतो! त्या रात्री दोघांनी बसून सगळा गठ्ठा उलटापालटा केला. सातबारे, मार्कलिस्टा, एक घटस्फोटाचा अर्ज. जवळजवळ पन्नास चित्रं फाडली. तेव्हापासून गिऱ्हाइकाची बिघडलेली कॉपी मी त्याच्यासमोरच फाडतो.

बायकोने मग वाढदिवसाला जाड कागदाची, कापडी पुठ्ठ्याची स्केचबुक आणली. पाचशेच्या वरची. तिच्यात आजवर तीन चित्रं आहेत आणि तिन्ही भेदरलेली. एवढ्या महाग कागदावर चहाच्या पेल्याचं चित्र काढायचं म्हणजे पैठणी नेसून धुणं धुवायला बसल्यासारखं वाटतं. शेवटी मी माझी वही मीच बांधली. 100 जीएसएमचा (हे कागदाचं वजन, आकडा मोठा तेवढा कागद जाड) बाँड पेपर मधोमध कापला, पन्नास पानं, मागेपुढे काळं प्लास्टिक, स्पायरल. खर्च एका वडापाव-चहाइतका. आता अठरावी वही चालू आहे.

कागद जाड का, तर शाईमुळे. मशीनचा नेहमीचा कागद 75 जीएसएमचा, त्यावर बॉलपेन चालतो पण शाईचा पेन लावला की शाई फुटते, रेघेला मिशा येतात, आणि मागच्या पानावरही तेच चित्र उलटं उमटतं. शाईच्या पेनाचं खूळ एका म्हाताऱ्या वकिलांनी डोक्यात भरवलं. ते अजून वकालतनाम्यावर शाईने सही करतात. म्हणाले, "बॉलपेन दाबावा लागतो, हा नुसता टेकवायचा." खरंच आहे. मनगट दुखायचं थांबलं.

शाईत मात्र मी एकदा मार खाल्ला. साध्या पेनाच्या शाईवर पाणी पडलं की ती पसरते, म्हणून स्टेशनरीच्या दुकानातून ड्रॉइंगची वॉटरप्रूफ काळी शाई आणली आणि थाटात पेनात भरली. त्या शाईत लाखेचा अंश असतो आणि ती टाकात बुडवून वापरायची असते, हे मला पेन बंद पडल्यावर कळलं. कोमट पाण्यात दोन दिवस भिजवला, फुंकून पाहिला, नाही सुटला. आता पुन्हा साध्या शाईवर आलोय, आणि ती पसरते तेच कामाला येतं. गल्ल्याशेजारी नोटा मोजायचा ओला स्पंज असतो. त्यावर बोट टेकवायचं आणि रेघेवरून फिरवायचं, की पाहिजे तिथे सावली तयार. ब्रश नको, पाण्याची वाटी नको. फक्त त्यानंतर लगेच कुणाच्या कागदाला हात लावायचा नाही. एका साठेखताच्या कोपऱ्यावर माझा निळा अंगठा आहे, पण त्याबद्दल अजून कुणी हरकत घेतलेली नाही.

रेघ न थांबवता कशी न्यायची, हे मी शिकलो ते मोडीच्या कागदांवरून. मला मोडी वाचता येत नाही. पण 2023 च्या शेवटी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा लोक जुन्या कागदांच्या प्रतींच्या प्रती काढायला यायचे, दिवसदिवस माझ्या काचेवर मोडी असायची. लिहिणाऱ्याने आधी पानभर आडवी रेघ मारून घेतलेली, आणि मग तिच्याखाली अक्षरं एकात एक गुंतवत नेलेली. जमेल तिथवर हात उचलायचाच नाही. मी तसं माणसांवर करून पाहिलं. आधी बाकाची आडवी रेघ, मग तिच्यावर बसलेली चार माणसं एका दमात, टोपीपासून चपलेपर्यंत. नाकं चुकतात. पण चारही जण एकाच बाकावर बसलेत आणि एकाच तारखेला आलेत, हे दिसतं.

वेळेचं म्हणाल तर माझा नेम सोपा आहे. अकराला कटिंग येतो. तो प्यायच्या लायकीचा निवेपर्यंत एक चित्र. चार-पाच मिनिटं. गिऱ्हाईक आलं तर चित्र अर्धं, तारीख टाकून पान उलटायचं, उद्या पुरं करायला बसायचं नाही. अर्ध्या चित्रांच्या वह्याच्या वह्या आहेत. एकात नुसते एका बाईंचे चष्मा आणि पिशवी आहेत, मधली बाई पंधरा आधार कार्डांच्या गर्दीत निघून गेली. कोर्टाला सुट्टी असली की चित्रालाही सुट्टी. रोज म्हणजे रोज असला हट्ट मी धरला नाही, धरला असता तर दुसऱ्याच महिन्यात सुटलं असतं.

सगळ्यात कठीण म्हणजे काळा कोट. नवखा असताना मी तो भरून काढायचो आणि वकिलाचा कोळसा व्हायचा. शाईने पांढरं करता येत नाही, पांढरं आधीच सोडावं लागतं. म्हणून आता आधी गळ्यातल्या बँडच्या दोन पट्ट्या, कॉलर आणि बाहीच्या कडेचा उजेड ठरवतो आणि मग कोटाला तिरक्या रेघा, घडीत त्यांच्यावर आडव्या. दुपारच्या उन्हात काळा कोट काळा नसतोच मुळी, खांद्यावर तो जवळजवळ पांढरा असतो. आणि वकील हलतात ही तक्रार नको. प्रत्येकाची उभं राहायची एक ठरलेली ढब असते, दोन मिनिटांत तो तिच्यावर परत येतो. तोवर त्याची बॅग काढावी.

रविवारी कधी गोदाघाटावर जातो. नारोशंकराच्या देवळाची घंटा मला अजून जमलेली नाही, दर वेळी कळशी होते. नदीच्या पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती जमतो, तोही पुरात जास्त. कमरेपर्यंत पाणी आलं की पाय काढावे लागत नाहीत.

गेल्या महिन्यात निफाडकडचे एक बाबा दुकानासमोर बसले होते. बांधाचं भांडण, पुकारा व्हायचा होता. धोतर, काठी, गुडघ्यावर हनुवटी, सगळं आयतं. कटिंग निवेपर्यंत काढून झालं तेव्हा ते माझ्या खांद्यामागेच उभे होते.

"मीच का हा?"

"हो बाबा. देऊ का फाडून?"

"नको, वही खराब होईल तुमची. झेरॉक्स काढा एक. घरचे म्हणत्यात, दिवसभर कोर्टात करतो काय. दाखवतो त्यांना."

काढली. रेघा मशीनमध्ये कुळकुळीत आल्या, बोटाने केलेली सावली मात्र सगळी उडाली. बाबांनी कागद लांब धरून पाहिला, खिशातून दोन रुपये काढून काउंटरवर ठेवले आणि विचारलं, "यावर शिक्का लागतो का?"