खोडल्या गेलेल्या इतिहासाची पुस्तके

दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरात झालेल्या युद्धावरच्या जुन्या पुस्तकांचे माझे कपाट पाहून घरी येणारा पाहुणा बहुधा एकच प्रश्न विचारतो. यातली बरीच पुस्तके पुढच्या संशोधनाने चुकीची ठरवली, हे तुम्हीच सांगता. नवी पुस्तके बाजारात आहेत. अमेरिकी लष्कराचे अधिकृत ग्रंथ तर इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. मग ही पिवळ्या पानांची रद्दी पैसे मोजून कशाला आणता? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून सविस्तर सांगतो. त्यातली पुष्कळशी मी चुकीची ठरली म्हणूनच आणतो, आणि हे उत्तर मी गमतीने देत नाही.

पॅसिफिकमधल्या मिडवे बेटाजवळच्या लढाईचे पाहा. ४ जून १९४२ रोजी सकाळी साडेदहाच्या सुमारास सूर मारून बॉम्ब टाकणाऱ्या अमेरिकी डाइव्ह बॉम्बर विमानांनी अवघ्या काही मिनिटांत आकागी, कागा आणि सोर्यू या तीन जपानी विमानवाहू जहाजांना आगी लावल्या आणि चौथे हिर्यू त्याच दिवशी नंतर सापडले. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यात विमानांचे नेतृत्व करणारा मित्सुओ फुचिदा त्या सकाळी आकागीवरच होता, पण नुकतीच अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाल्यामुळे केवळ प्रेक्षक म्हणून. मासाताके ओकुमिया यांच्यासह त्याने लिहिलेले मिडवेवरचे पुस्तक १९५१ मध्ये जपानीत आणि १९५५ मध्ये इंग्रजीत आले. त्यात तो सांगतो, की प्रतिहल्ल्याची विमाने डेकवर रांगेने सज्ज उभी होती, उड्डाणाचा हुकूम सुटला होता आणि आणखी पाच मिनिटे मिळाली असती तर सगळी विमाने आकाशात गेली असती. ही ‘पाच मिनिटे’ पुढे निम्मे शतक इंग्रजी वाचकांच्या मनात घर करून राहिली. या पुस्तकाची स्वस्त कागदी आवृत्ती माझ्याकडे आहे. तिच्यात आधीच्या कुणा वाचकाने नेमक्या त्या परिच्छेदाखाली पेन्सिलीने दुहेरी रेघ ओढून समासात ‘केवळ नशीब!’ असे इंग्रजीत लिहिले आहे.

प्रत्यक्षात तसे नव्हते. जोनाथन पार्शल आणि अँथनी टली यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘शॅटर्ड सोर्ड’ या ग्रंथात जपानी जहाजांच्या उड्डाण-नोंदी तपासून दाखवले, की त्या सकाळी डेकवर संरक्षक लढाऊ विमानांची ये-जा सतत चालू होती, आणि हल्ल्याची विमाने खाली हँगरमध्येच होती. ती वर आणून रांगेत लावायला पाऊण तासाच्या आसपास वेळ लागला असता, म्हणजे पाच मिनिटांचा प्रश्नच उद्भवत नव्हता. विशेष म्हणजे जपानी वाचकाला हे बरेच आधी कळू शकत होते. ‘सेन्शी सोशो’ या जपानच्या १०२ खंडांच्या अधिकृत युद्धेतिहासातला मिडवेवरचा खंड १९७१ मध्येच निघाला होता आणि त्याचा वृत्तान्त फुचिदाच्या गोष्टीशी जुळत नव्हता. पण तो जपानीत होता आणि फुचिदा इंग्रजीत होता. नुसता २००५ चा ग्रंथ वाचणाऱ्याला निकाल समजतो. मात्र पराभूत आरमारातल्या एका अधिकाऱ्याने आपल्या पराभवाला दैवदुर्विलासाचे रूप कसे दिले, आणि विजयी पक्षाच्या वाचकांनाही ते रूप किती सोयीचे वाटले, हे समजून घ्यायला ती पेन्सिलीची दुहेरी रेघ हवी. ती मला कोणत्याही नव्या आवृत्तीत मिळणार नाही.

सॅम्युएल एलियट मॉरिसन यांच्या अमेरिकी आरमाराच्या इतिहासाबद्दलही असेच म्हणता येईल. हार्वर्डच्या या प्राध्यापकाला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या संमतीने आरमारात अधिकारपद मिळाले, तो स्वतः युद्धनौकांवरून फिरला आणि १९४७ ते १९६२ या काळात त्याने पंधरा खंड पुरे केले. गद्य इतके सुरेख, की वाचताना शंका घ्यायचे सुचतच नाही, आणि त्याचा धोकाही तोच आहे. सॉलोमन बेटांतल्या ग्वाडलकनालवरचा पाचवा खंड १९४९ चा. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे तिथल्याच साव्हो बेटाजवळ जपानी ताफ्याने दोस्त राष्ट्रांना चार मोठी क्रूझर जहाजे गमावायला लावली आणि हजाराहून अधिक खलाशी मेले. आदल्या सकाळी तो ताफा पाहणाऱ्या ऑस्ट्रेलियन हडसन विमानाच्या वैमानिकाने ताबडतोब संदेश न पाठवता गस्त पुरी केली, तळावर उतरून चहा घेतला आणि मग खबर दिली, असे मॉरिसनने लिहिले. हा चहा त्या विमानातल्या माणसांना आयुष्यभर पुरला. पुढे, त्या रात्री कॅनबेरा जहाजावर असलेल्या ब्रूस लॉक्स्टन यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात दाखवून दिले, की हडसनने आकाशातूनच संदेश पाठवला होता. जपानी ध्वजनौका चोकाईवर तो पकडला गेल्याची नोंद होती. अमेरिकी आरमाराच्या इतिहास विभागाने २०१४ मध्ये त्या विमानातल्या हयात असलेल्या अखेरच्या माणसाला पत्र लिहून मॉरिसनची टीका निराधार असल्याचे मान्य केले. मॉरिसन आणि लॉक्स्टन माझ्या कपाटात शेजारी ठेवले आहेत. ते मी मुद्दामच केले आहे.

काही पुस्तकांत चूक नसते, पण एक जागा रिकामी असते, आणि ती रिकामी आहे हे लेखकाला ठाऊक असूनही त्याला बोलता येत नसते. एप्रिल १९४४ मध्ये अमेरिकी सेनापती मॅकआर्थरने न्यू गिनीच्या किनाऱ्यावरची जपानी ठाणी ओलांडून थेट हॉलंडियाला सैन्य उतरवले. पन्नाशीच्या दशकातले वृत्तान्त ही झेप सेनापतीच्या धाडसाच्या आणि हवाई पाहणीच्या खात्यावर टाकतात. प्रत्यक्षात १९४४ च्याच जानेवारीत न्यू गिनीतल्या सिओ येथे माघार घेणाऱ्या जपानी विसाव्या डिव्हिजनने आपली सांकेतिक पुस्तके पोलादी पेटीत घालून पुरली होती आणि ती ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या हाती लागली होती; त्यामुळे जपानी लष्कराचे संदेश अमेरिकी अधिकारी भराभर वाचू लागले होते. ही माहिती कितीतरी वर्षे गुप्त होती. त्यामुळे सत्तरीच्या दशकाआधीचे पुस्तक हाती आले, की मी ‘सुदैवाने’ आणि ‘अचूक अंदाजाने’ हे शब्द कुठे येतात ते पाहतो. बहुधा त्या शब्दांच्या मागे अशी एखादी पेटी असते.

आता फुकट मिळणाऱ्या ग्रंथांविषयी. हिरव्या कापडी बांधणीची अमेरिकी लष्कराची पॅसिफिक मालिका अकरा खंडांची आहे आणि तिचा मजकूर खरोखरच संगणकावर मिळतो. परंतु त्यातल्या अनेक खंडांच्या मागच्या पुठ्ठ्याला कागदी खिसा असतो आणि खिशात घडी घातलेले मोठे नकाशे असतात. जुनी पुस्तके स्कॅन करणारा माणूस पुष्कळदा घडी उलगडण्याच्या भानगडीत पडत नाही. कोणत्या टेकडीवरून कोणती खिंड दिसत होती हे कळल्याशिवाय ओकिनावाच्या लढाईची पन्नास पाने वाचणे म्हणजे पट न मांडता बुद्धिबळाचा डाव वाचण्यासारखे आहे. म्हणून दुकानात असा खंड दिसला, की मी शीर्षकपानाआधी मागच्या खिशात बोटे घालून पाहतो. नकाशे बहुतेकदा घडीच्या चौफुलीवर फाटलेले असतात. कुणीतरी चिकटपट्टी लावलेली असते आणि ती आता तपकिरी होऊन कडक झालेली असते. तरी चालते. खिसा रिकामा असेल तर मात्र निम्म्या किमतीतही मी तो खंड घेत नाही.

मुंबईत फाउंटनच्या पदपथावर, दिल्लीच्या दरियागंज बाजारात, पुण्याच्या कॅम्पातल्या रद्दीच्या दुकानांत ही पुस्तके भेटतात. पुण्यात निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांची वस्ती मोठी. घर लहान करायची वेळ आली, की त्यांची कपाटे वजनावर जातात. रद्दीवाल्याला कादंबरीचा भाव ठाऊक असतो, लढाईच्या पुस्तकाचा नसतो. कसर लागलेली प्रत मी दुकानातच उघडून झटकतो, वाळवीची असेल तर हातही लावत नाही. रंगीत विमानांच्या मुखपृष्ठांची वैमानिकांची आत्मचरित्रे ढिगाने दिसतात. साबुरो साकाईच्या १९५७ च्या इंग्रजी आत्मकथेतला चौसष्ट विमाने पाडल्याचा आकडा नंतरच्या अभ्यासकांनी निम्म्याहून खाली आणला. असे एखादे नमुन्यादाखल पुरते, बाकीची तिथेच राहू देतो.

या युद्धाशी आपला काय संबंध, असे कधी कधी त्याच दमात विचारले जाते. मलायात उतरलेल्या जपान्यांना वायव्येकडे अडवायला उभी होती ती अकरावी भारतीय डिव्हिजन. डिसेंबर १९४१ मध्ये जित्रा येथे मुसळधार पावसात, पाण्याने भरलेल्या खंदकांच्या पुढे, १/१४ पंजाब, म्हणजे चौदाव्या पंजाब रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीवर रणगाडे चालून आले. त्या जवानांपैकी बहुतेकांनी तोवर रणगाडा पाहिलेलाही नव्हता. याच पलटणीतले कॅप्टन मोहन सिंग पुढे पहिल्या आझाद हिंद सेनेचे प्रमुख झाले.

या एका लढाईसाठी माझ्याकडे चार पुस्तके आहेत. पहिले मासानोबु त्सुजीचे, इंग्रजीत १९६० मध्ये आलेले. मलायाच्या मोहिमेची आखणी करणारा हा कर्नल सिंगापुरातल्या चिनी नागरिकांच्या कत्तलीशी निगडित होता, युद्धानंतर तो लपला, मग जपानच्या संसदेत निवडून आला आणि १९६१ मध्ये लाओसमध्ये बेपत्ता झाला. जित्राचे त्याचे वर्णन विजेत्याच्या फुशारकीचे आहे आणि अतिशय वाचनीय आहे. दुसरे वुडबर्न कर्बी यांच्या ब्रिटिश अधिकृत इतिहासाचा १९५७ चा पहिला खंड, मोजूनमापून लिहिलेला. तिसरे त्याच कर्बींचे त्यांच्या मृत्यूनंतर १९७१ मध्ये निघालेले सिंगापूरवरचे खासगी पुस्तक, ज्यात सरकारी शिक्का नसल्यामुळे वरिष्ठांच्या चुकांवर बोट ठेवताना लेखणी पुष्कळ मोकळी झाली आहे. चौथा भार्गव आणि शास्त्री यांचा १९६० चा भारतीय अधिकृत खंड. फाळणीनंतरही भारत आणि पाकिस्तान यांनी एकत्र चालवलेल्या इतिहास विभागाने ही मालिका काढली, आणि इतर तिघांकडे ‘भारतीय सैन्य’ एवढ्यावर जे भागते, ते येथे पलटणींच्या पातळीवर उतरते. हॉंगकॉंग आणि बोर्निओतल्या पंजाब पलटणींचा मागही मला याच खंडात लागला.

त्याची माझी प्रत कुठल्याशा ग्रंथालयाने बाद केलेली आहे, शीर्षकपानावर जांभळा शिक्का आहे, आणि मघाशी सांगितलेला रिकाम्या खिशाचा नियम मी फक्त तिच्यासाठी मोडला आहे. कुणाकडे तो खंड नकाशांसह असेल आणि विकायचा नसेल, तरी एकदा पाहायला मिळाला तर मी येईन.