खेळाच्या तासानंतरचा तास

खेळाच्या तासाला झालेलं भांडण वर्गाबाहेरच ठेवून या, असं बहुतेक शिक्षक सांगतात. आमच्या बाई ते आत आणायला सांगायच्या. धापा टाकत आम्ही बाकांवर टेकलो की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "आज कशावरून वाजलं?" मग विषय शोधावा लागत नसे. चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, कच्च्या लिंबूला किती सवलत द्यायची, संघ पाडताना नेहमी तोच मुलगा शेवटी का उरतो, एक ना दोन.

बाईंचा नियम एकच, पण कडक होता. कुणाचं म्हणणं खोडायचं असेल, तर आधी ते आपल्या शब्दांत सांगायचं. "हो, मला हेच म्हणायचं होतं," असं त्यानं मान्य केलं की मगच आपला मुद्दा. अर्धी भांडणं इथेच विरायची. उरलेली मात्र रंगायची.

मैदानावर काही घडलं नसेल, तर बाई एखाद्या सामन्याची हकिकत सांगत आणि ऐन मोक्यावर थांबत. शाळेच्या सुवर्णमहोत्सवासाठी लिहायला बसल्यावर त्यातली एक हमखास आठवते, कारण तो सामनाही सुवर्णमहोत्सवीच होता. फेब्रुवारी १९८०, मुंबईत भारत विरुद्ध इंग्लंड कसोटी. इंग्लंडचे पाच गडी ५८ धावांत परतलेले. पंचांनी बॉब टेलरला झेलबाद दिलं. पण चेंडू बॅटला लागलाच नव्हता, असं भारताचा कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ याचं मत. "आता विश्वनाथनं काय करावं?" एवढं विचारून बाई खिडकीपाशी जाऊन उभ्या राहत. ज्यांना टेलरला परत बोलवावंसं वाटतं ते डावीकडच्या भिंतीला, बाकीचे उजवीकडे. मत बदललं तर भिंत बदलायची पूर्ण मुभा. फळ्यावर मतं किती पडली ते बाई लिहीत नसत, कारणं लिहीत. 'पंचांचा निर्णय अंतिम.' 'खरं माहीत असून गप्प बसणं म्हणजे खोटंच.' 'कर्णधार एकटा कसा ठरवणार, संघाला विचारायला नको?'

हे तिसरं कारण वर्गात सहसा तोंड न उघडणाऱ्या एका मुलीचं. मैदानावर ती गुण लिहायला बसायची, त्यामुळे कोण कुणाला न विचारता काय ठरवतं हे तिनं नीट पाहिलं होतं. तिच्या वाक्यावर चार-पाच जण भिंत सोडून वर्गाच्या मधोमध येऊन थांबले. बाईंनी त्यांना तिथेच उभं राहू दिलं.

शेवट बाई सगळ्यांत उशिरा सांगत. विश्वनाथनं टेलरला परत बोलावलं, टेलर आणि बोथम यांनी १७१ धावांची भागीदारी केली आणि इंग्लंड दहा गडी राखून जिंकलं. त्यावर पुन्हा वाद! हरल्यामुळे निर्णय चुकीचा ठरतो का? मला वाटतं, खरी चर्चा इथून सुरू व्हायची. म्हणूनच निकाल आधी सांगून टाकणं मला आजही पटत नाही. तो कळला की मुलं विचार सोडून निकालाच्या बाजूनं बोलू लागतात.

दुसरी हकिकत १ फेब्रुवारी १९८१ची, मेलबर्नची. शेवटच्या चेंडूवर न्यूझीलंडला बरोबरीसाठी सहा धावा हव्या होत्या. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार ग्रेग चॅपेल यानं धाकट्या भावाला, ट्रेव्हरला, चेंडू जमिनीवरून सरपटत टाकायला सांगितलं. तेव्हाच्या नियमात ते बसत होतं. "नियमात आहे ते योग्यच का?" हा प्रश्न नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून आला असता, तर आम्ही जांभया दिल्या असत्या.

मी आता मुलांबरोबर काम करतो आणि त्याच पद्धतीनं टोकियो ऑलिंपिकमधली उंच उडी सांगतो. १ ऑगस्ट २०२१. बार्शिम आणि ताम्बेरी दोघेही २.३७ मीटरवर बरोबरीत, २.३९ दोघांनाही न जमलेलं. पुढच्या उडीनं निकाल लावायचा की दोघांनी सुवर्ण वाटून घ्यायचं? त्या दोघांनी वाटून घेतलं. "मग जिंकलं कोण?" असं एका मुलानं चिडूनच विचारलं. त्याचं चिडणं मला मोलाचं वाटलं. सगळ्यांनी गोड गोड बोलावं यासाठी हा तास नाही.

शाळेतल्या आजच्या शिक्षकांना एक विनंती. खेळाचा तास वेळापत्रकात बहुधा शेवटचा असतो, त्यामुळे मुलं भांडण घेऊन थेट घरी जातात. आठवड्यातून एकदा तरी तो शेवटी न ठेवता मधल्या सुट्टीनंतर ठेवा आणि त्याला लागूनच वर्गशिक्षकांचा तास द्या. सुरुवातीला गोंगाट होईल, तेवढा चालवून घ्या.