निवांत धमकी देणारा गुंड

'लाइट्स ऑफ न्यू यॉर्क' हा पिक्चर चांगला आहे असं कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही, पण मला तो भयंकर आवडतो. 1928चा, वॉर्नर ब्रदर्सचा, पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलणारा पहिला पूर्ण लांबीचा पिक्चर. दिग्दर्शक ब्रायन फॉयला खरंतर दोन रिळांचं काहीतरी छोटंसं करायला सांगितलेलं, पठ्ठ्याने ते वाढवत वाढवत 57 मिनिटांवर नेलं. खर्च 23 हजार डॉलर, कमाई दहा लाखांच्या वर. बोला आता!

गोष्ट तशी साधीच. दारूबंदीचे दिवस, गावाकडचे दोन भोळे न्हावी न्यूयॉर्कला येऊन फसतात, पुढे हजामतीचं दुकान आणि मागे चोरटी दारू. या सगळ्यावर नाइटक्लबवाला हॉक, म्हणजे व्हीलर ओकमन.

आता हॉकच्या ऑफिसातला सीन बघा. टेबलावर टेलिफोन, समोर दोन पंटर, आणि एका माणसाचा काटा काढायची ऑर्डर द्यायचीय. पण माइक म्हणे त्या टेलिफोनातच दडवलेला, त्यामुळे तिघंही त्याच्याभोवती असे जमतात की फोनलाच काहीतरी विचारायचंय. आणि बोलतात कसे, तर एक शब्द, मग थांबणार, मग दुसरा शब्द, शुद्धलेखन घालणारे मास्तर बरे! एक जण बोलला की दुसरा इमानदारीत त्याचं संपायची वाट बघणार. ज्याला उडवायचाय तो तेवढ्यात चालत शेजारच्या राज्यात पोचेल.

हसू येतं, पण त्यांचाही नाइलाज होता. आवाज तबकडीवर कोरला जायचा, मधेच कोणी अडखळलं तर कापाकापी जिकिरीची. कॅमेऱ्याची घरघर ऐकू नये म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन दोघांना खोक्यात कोंडलेलं. माइकपासून लांब गेलं की आवाज गायब, म्हणून चालताना कोणी बोलत नाही आणि बोलताना कोणी चालत नाही. अडचण लपवायला लागतो तो पैसा आणि वेळ, आणि इथे दोन्हीची बोंब, म्हणून सगळं उघडं दिसतं. मोठ्या बजेटवाल्यांनी हेच नीट झाकलं असतं, आणि मग मी कशाला बघत बसलो असतो?

त्यातल्या त्यात ग्लॅडिस ब्रॉकवेल, हॉकने टाकलेली मॉली. तिचं शेवटचं भाषण म्हणजे पक्कं नाटकी, पण ती मनापासून करते, आणि तेवढा वेळ माइकबिइक सगळं विसरायला होतं.

तीन वर्षांत याच कंपनीच्या 'लिटल सीझर'मधे एडवर्ड रॉबिन्सन तोंडाची मशीनगन चालवत होता. तो भारीच, वादच नाही. पण हॉकसारखी निवांत धमकी काही त्याला जमली नाही.