शूबर्टचं संगीत तेवढं छान

काल रात्री जागून अखेर दिग्दर्शक हानेकेचा ‘द पियानो टीचर’ (२००१) हा सिनेमा पाहिला. कान चित्रपट महोत्सवात ग्राँ प्री हा पुरस्कार, शिवाय इझाबेल ह्युपेर आणि बेन्वा माजिमेल दोघांनाही अभिनयाची बक्षिसं, त्यामुळे भलत्याच अपेक्षा होत्या. चाळिशीला टेकलेली पियानो शिक्षिका एरिका, अजून आईशेजारीच झोपणारी; घरी यायला उशीर झाला म्हणून आई तिची पर्स उचकते, आत नवा ड्रेस सापडल्यावर तांडव. इथवर जबरदस्त! (अशा आया आपल्याकडेही असतात, असो.) पुढे मात्र दडपलेल्या वासनेच्या नावाखाली नुसते धक्क्यांमागून धक्के. ती तिच्या विद्यार्थ्याला, वॉल्टरला, पत्र देते तिथपासून मला तिच्यातली बाई दिसेचना, केसपेपर दिसायला लागला. त्यात व्हिएन्नातली सगळी मंडळी फाडफाड फ्रेंच बोलतात! ह्युपेरचा निर्विकार चेहरा तेवढा डोळ्यांसमोरून हलत नाहीये. येलिनेकची मूळ कादंबरी कुणी वाचलीये का?