तुम्ही विचारलंत म्हणून: हा ६१ नंबर कुणाचा?

रविवारी मॅच असली की माझ्या अंगात अमेरिकन फुटबॉलच्या बफेलो बिल्स संघाची जर्सी असते आणि पाठीवर ६१. इथल्या मराठी मंडळात आता पोरासोरांनाही जॉश ॲलनचा १७ ओळखू येतो, त्यामुळे कुणी ना कुणी विचारतंच, "हा एकसष्ट कोण हो? चालू खेळाडू सोडून हा कुठला शोधून काढलात?" हातात चहाचा कप घेऊन दोन वाक्यांत सांगता येत नाही, म्हणून लिहून टाकतो.

तो बॉब काल्सू. १९६८चा एकच सीझन बिल्सकडून गार्ड म्हणून खेळला. गार्ड म्हणजे क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या, पुढे जी पाच दांडगी माणसं ओणवी होतात, त्यातला एक. पास झेलायची त्याला एरवी नियमानेच बंदी. समोरून अंगावर येणाऱ्याला रोखायचं आणि मागच्याला पळायला वाट करून द्यायची, एवढंच काम. समालोचक त्याचं नाव घेतो ते बहुधा फाउल झाल्यावर. दहीहंडीत सगळ्यात खालच्या थरातल्या पोराचा फोटो पेपरात कधी पाहिलाय?

काल्सू ओक्लाहोमाचा, सव्वासहा फूट उंच. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या संघात तो टॅकल होता, म्हणजे त्याच पाचांत गार्डच्या बाहेरच्या बाजूला. १९६७ साली कॅप्टन आणि ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंच्या यादीत. त्या वर्षी संघ एकच सामना हरला आणि ऑरेंज बोल या सीझनअखेरच्या मानाच्या सामन्यात टेनेसीला २६-२४ असं हरवून आला. त्याच्यामागून पळणारा स्टीव्ह ओवेन्स तेव्हा नवखा होता. दोन वर्षांनी, १९६९ साली, त्या ओवेन्सला हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिळाली. त्याच हिवाळ्याच्या तोंडावर काल्सू व्हिएतनामला युद्धावर पोचला होता.

मधल्या वर्षात बिल्सने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब पाळीपाळीने कॉलेजातले खेळाडू निवडतात त्यात, आठव्या फेरीत उचललं. म्हणजे फारशी कुणाला अपेक्षा नव्हती, तरी पठ्ठ्याने पहिल्याच वर्षी टीममध्ये जागा पक्की केली. टीमची मात्र दैना होती: १४ सामन्यांत एक विजय, एक बरोबरी, १२ पराभव. गंमत म्हणजे तो एकुलता एक विजय न्यूयॉर्क जेट्स संघावरचा, आणि त्या सीझनची सुपर बोल, म्हणजे विजेतेपदाची फायनल, जेट्सनेच मारली! तळाला राहिल्यामुळे बिल्सला पुढच्या ड्राफ्टमध्ये पहिली निवड मिळाली आणि त्यांनी ओ. जे. सिम्प्सनला घेतलं. १९७३च्या सीझनमध्ये सिम्प्सन चेंडू घेऊन एकूण २००३ यार्ड पळाला, तेव्हा त्याला वाट करून देणारी लाइनही 'इलेक्ट्रिक कंपनी' म्हणून गाजली. काल्सू असता तर तेव्हा २८ वर्षांचा असता. गार्डसाठी ऐन उमेदीचं वय.

पण कॉलेजात त्याने आरओटीसी घेतलेलं होतं. आपल्या एनसीसीसारखंच वाटतं, पण तिथे शेवटी अधिकारी म्हणून कमिशन मिळतं आणि सैन्यात नोकरी करावीच लागते. त्या काळी क्लब आपल्या खेळाडूंची रिझर्व्ह किंवा नॅशनल गार्डमध्ये सोय लावून देत. कागदोपत्री सैनिक आणि रविवारी मैदानावर, सगळं कायदेशीर. काल्सूलाही तसं करायला सांगणारे होते. त्याने ऐकलं नाही. शब्द दिलाय म्हणाला आणि गेला.

इथे आमच्या घरात वाद होतो. बायकोचं म्हणणं, पदरात लहान मुलगी आणि दुसरं मूल होऊ घातलेलं असताना कसला आलाय शब्द! मला उत्तर सुचत नाही. ते युद्ध बरोबर होतं असंही मी म्हणणार नाही. पण सोय उपलब्ध असताना ती न घेणारी माणसं मी फार कमी पाहिली आहेत.

व्हिएतनाममध्ये तो १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनच्या तोफखान्यात लेफ्टनंट होता. ए शाऊ खोऱ्याजवळच्या एका डोंगरावर, फायरबेस रिपकॉर्ड नावाच्या ठाण्यावर. १५५ मिलिमीटर तोफेचा एक गोळा साधारण ४४ किलोंचा. तो वाहणं अधिकाऱ्याचं काम नव्हे, पण काल्सू जवानांच्या बरोबरीने खांद्यावर घेऊन चढायचा, असं त्याच्या तुकडीतल्यांनी सांगितलंय. जुलै १९७०मध्ये ठाण्याला वेढा पडला, रोज उखळी तोफांचा मारा. २१ जुलैला त्यातलाच एक गोळा जवळ फुटला आणि काल्सू जागीच गेला. २३ जुलैला अमेरिकेने ते ठाणं सोडून दिलं. त्याच दिवशी ओक्लाहोमा सिटीत त्याचा मुलगा जन्मला, आणि बायकोला नवऱ्याची बातमी बाळंतपणानंतर काही तासांनी, हॉस्पिटलातच कळली.

बिल्सने २००० साली त्याचं नाव स्टेडियममधल्या वॉल ऑफ फेमवर लावलं. इराकमधल्या एका अमेरिकी तळालाही त्याचं नाव होतं.

आता एक दुरुस्ती, कारण मंडळात कुणीतरी ठासून सांगत होतं की व्हिएतनाममध्ये मारला गेलेला व्यावसायिक फुटबॉलपटू हा एकटाच. बरीच वर्षं लोक तसंच मानत होते. पण १९५३ साली क्लीव्हलंड ब्राउन्सकडून खेळलेला डॉन स्टाइनब्रनर हवाई दलात होता आणि १९६७ साली त्याचं विमान तिथेच पाडलं गेलं. त्याची आठवण लोकांना फार उशिरा झाली. तोही टॅकलच.