टोपी घालणारा पाहुणा

फ्लू झाला की मला सगळ्यात जास्त राग येतो तो गुडघ्यांचा. विषाणू शिरला नाकातून, मुक्काम ठोकला घशात नि श्वासनलिकेत. मग हे का ठणकतात? तो सहसा रक्तात उतरतही नाही.

दोन पांघरुणं घेऊन कुडकुडत मी त्याचाच विचार करत होते. आकार जेमतेम 100 नॅनोमीटर, सामान म्हणजे आरएनएचे, म्हणजे त्याच्या जनुकीय मजकुराचे, 8 तुकडे. पेशीच्या अंगावर सियालिक आम्ल नावाच्या साखरेची टोकं असतात, त्यांना तो चिकटतो आणि पेशीच त्याला एका पिशवीत गुंडाळून आत ओढून घेते. त्या पिशवीत आम्लता वाढते, आणि नेमक्या त्या आम्लतेनंच त्याचं आवरण पिशवीशी जुळून वाट मोकळी होते.

पुढची गंमत मला फार आवडते. आरएनएवाले बहुतेक विषाणू केंद्रकाबाहेरच काम उरकतात, हा मात्र थेट केंद्रकात जातो. कारण पेशीच्या संदेशांना, म्हणजे कोणतं प्रथिन बनवायचं ते सांगणाऱ्या आरएनएला, पुढच्या टोकाला रेणूंची एक टोपी असते, तिच्यावाचून प्रथिनं बनवणारी यंत्रणा सहसा दाद देत नाही. ह्याला टोपी करता येत नाही. मग हा केंद्रकात ताज्या तयार झालेल्या संदेशांच्या टोप्या छाटतो आणि आपल्या संदेशांना चढवतो. ‘टोपी घालणे’ याहून शब्दशः कुठे घडत असेल?

नकला काढताना चुका तपासायची त्याला सवय नाही. त्या चुकांतूनच त्याचा चेहरा बदलत राहतो आणि लशीला त्याच्यामागे धावावं लागतं. निघताना येतानाचीच सियालिक आम्लाची टोकं कापून सुटतो. ओसेल्टॅमिव्हिर हे फ्लूचं औषध अडवतं ती हीच कात्री.

आणि गुडघे? संसर्ग झालेल्या पेशी बोंब ठोकतात, इंटरफेरॉन हे धोक्याचा इशारा देणारं प्रथिन आणि त्याचे भाईबंद सोडतात. ते रक्तातून अंगभर फिरतात. ताप, कणकण, अंगदुखी ही बहुतांशी त्यांची करणी. इंटरफेरॉन सापडलं तेही 1957 मध्ये लंडनमध्ये, फ्लूच्याच विषाणूवर प्रयोग करताना. पुढे ते काही आजारांवर टोचलं जाऊ लागलं, तर कित्येक रुग्णांना त्या सुईनंच ताप भरायचा, थंडी वाजायची, अंग मोडून यायचं. सगळा फ्लू, फक्त विषाणू नाही.

म्हणजे दुखणंसुद्धा त्यानं स्वतःचं आणलं नव्हतं. मी तिसरं पांघरूण मागवलं.